घाट चढायचा, तर आधी ब्रेक बघा



आपल्या घाटनांदूरच्या नावातच घाट आहे. सह्याद्रीतून निघालेली बालाघाटाची रांग पूर्वेकडे येते आणि गोदावरी व भीमा या दोन खोऱ्यांच्या मधून पुढे जाते. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. तेव्हा आपल्या भागात सायकलवर बसलेल्या माणसाला चढ-उतार चुकत नाहीत. म्हणून या आठवड्यात आम्ही घाटातल्या सायकलीबद्दल लिहीत आहोत. कोणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे काय? पण सायकलीचा पोटाशी आणि शिक्षणाशी किती जवळचा संबंध आहे, हे शेवटपर्यंत वाचल्यावर आपणच ठरवा.

पुण्या-मुंबईकडे सध्या उलटी गंमत चालली आहे. आपल्या वस्तीत मोटारसायकल आली की जुनी सायकल भंगारात जाते. तिकडे मात्र डॉक्टर, इंजिनीअर, साहेब लोक पहाटे उठून हजारो रुपयांच्या सायकली घेऊन सिंहगडाच्या वाटेला लागतात. आपण जिला गरिबीची खूण समजून टाकून दिले, तिला त्यांनी प्रतिष्ठेची खूण म्हणून जवळ केले. यात त्यांचा दोष नाही. विचार आपण करायचा आहे.

महाराष्ट्रात घाटातल्या सायकलीची परंपरा जुनी आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत बोरघाट चढावा लागतो. थोड्या अंतरात जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची गाठायची असते. हा चढ जो सर्वांत आधी पार करतो, त्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. पुणे ते गोवा अशी सुमारे 640 किलोमीटरची शर्यतही होते. तिच्यात पठार, घाट आणि समुद्रकिनारा तिन्ही येतात.

कोकणातला रस्ता नकाशावर सरळ आणि सपाट वाटतो, पण तो फसवा आहे. प्रत्येक खाडीपाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी सायकलसकट फेरीबोटीत बसून खाडी ओलांडता येते. किनाऱ्यावरून वर देशावर यायचे तर कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी एखादा घाट चढावाच लागतो.

आपल्या राज्यातील माणसांनी याहून मोठे घाटही चढले आहेत. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत असते. मध्ये वाळवंट आणि उंच पर्वत लागतात. 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. 2017 साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. एकट्याला त्यासाठी 12 दिवसांची मुदत असते. 2018 मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विसाव्या वर्षी सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अंतर सुमारे 29,000 किलोमीटर!

यादी वाचून आमच्या मनात प्रश्न येतो. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन चढ चढणारा पोरगा, पेपर टाकणारा पोरगा, यांच्या पायात ताकद कमी आहे काय? मुळीच नाही. कमी पडते ते साहित्य, मार्गदर्शन आणि वेळेवर मिळणारी माहिती. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडीत जे संकुल उभे राहिले, तेथे सायकल शर्यतींसाठी खास धावपट्टी आहे. रेल्वेत खेळाडूंची भरती होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्याच्या घरात हे कोणी सांगणारे नाही, त्याला ते कळणार कसे? शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांची चौकशी करा.

आता थोडे यंत्राविषयी. आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढे साधारण 44 आणि मागे 18 दाते असतात. पायंडल एकदा फिरवले की सायकल पाच मीटरहून जास्त पुढे जाते. सपाटीला हे चांगले, पण चढावर पायावर फार जोर येतो. डोंगरी गिअरच्या सायकलीत पुढे 22 आणि मागे 34 दाते लावता येतात. मग एका फेऱ्यात ती जेमतेम सव्वा-दीड मीटर सरकते. वेग कमी होतो, पण जोरही कमी लागतो. गिअर ताकद देत नाही, तो चढाचे छोटे छोटे हप्ते पाडून देतो. कर्ज फेडणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको! गिअर नसेल तर चढावर खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

खरा धोका चढात नसून उतारात असतो. अंबाजोगाई-परळी रस्त्यावरच्या घाटासारख्या ठिकाणी मागून मालमोटारी येतात आणि पुढे वळण असते. म्हणून निघण्याआधी ब्रेकचे रबर बघा. ते झिजलेले असेल तर बदला, त्याला फार पैसे पडत नाहीत. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, त्याने रबर आणि रिम तापतात. थोडे दाबा, थोडे सोडा. दोन्ही ब्रेक वापरा, एकटा पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस तोंडावर पडतो. पावसात रिम ओली असते आणि ब्रेक उशिरा लागतो, हे ध्यानात ठेवा. उतारावर डबलसीट बसवू नका. मागे लाल रिफ्लेक्टर आणि डोक्याला हेल्मेट हवे. बरोबर पाणी आणि गूळ-शेंगदाणे असू द्या.

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुली आजीकडे राहतात किंवा फडावर जातात. मागे राहिलेल्या मुलीची शाळा दूर असेल आणि एसटी वेळेवर नसेल, तर आठवी-नववीतच तिचे शिक्षण सुटते. मग लग्नाची घाई होते. अशा वेळी एक सायकल काय करू शकते? बिहार सरकारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा मुलींचा माध्यमिक प्रवेश सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसला, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक अधिक होता. तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता चळवळीत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. लाखाहून अधिक ग्रामीण बाया सायकल शिकल्या. आपल्याकडेही 2011 पासून मानव विकास कार्यक्रमात 125 मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलीची योजना राबवली गेली. आपली मुलगी अशा एखाद्या योजनेत बसते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. विचारायला लाजू नका.

आमची तरुण मंडळांना एक विनंती आहे. वस्तीत किती घरांच्या मागे सायकली गंजत पडल्या आहेत, ते एका रविवारी मोजा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेकचे रबर घाला. दुरुस्त झालेली सायकल शाळा लांब असलेल्या मुलीला द्या. एक दिवस ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी झाला तर काही बिघडणार नाही. पण मार्चमध्ये एखादी मुलगी दहावीच्या पेपरला वेळेवर पोचली, तर पुष्कळ काही घडेल.

आणि आई-बापांना एवढेच सांगणे आहे. मुलाला कैची मारत सायकल शिकताना तुम्ही कौतुकाने बघता. मुलगी शिकताना पडली, गुडघा फुटला, तर "बस झालं आता" म्हणू नका. हळद लावा आणि पुन्हा सीटवर बसवा. ब्रेक मात्र आधी तपासा.