दारची गणेशवेल आणि बांधावरील नेपती

घरापुढे फुलांची वेल चढवावी, म्हणजे पाखरे आपोआप येतील, अशी हौस आपल्याकडील कित्येक बागाईतदारांस असते. हौस चांगली आहे. मात्र परदेशी पुस्तकांत अशा वेलीशेजारी ज्या हमिंगबर्ड पक्ष्याचे चित्र असते, तो अमेरिका खंडाबाहेर कोठेही आढळत नाही. सोलापुरात जन्मभर वाट पाहिली तरी तो यावयाचा नाही. त्याचे काम आपल्याकडे शिंजीर करतो. विणीच्या दिवसांत याचा नर निळाकाळा चमकतो. मादी वरून मळकट व पोटाकडे पिवळसर असते. हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. शिंजिरास बहुधा टेकावयास काडी लागते. म्हणून वेल नुसत्या सुतळीवर न चढविता तुराट्यांच्या ताटीवर चढवावी.

एका वर्षाच्या वेलींत या कामी आम्ही गणेशवेलच सुचवू. तीही मूळची अमेरिकेचीच, पण आता घरची झाली आहे. बी रात्रभर भिजवून मृगाच्या पावसावर टोकावे. पाने बडीशेपेसारखी चिरलेली, फूल तांबड्या चांदणीसारखे व त्याखाली लांब अरुंद नळी. मध त्या नळीच्या बुडाशी असतो. केसर बाहेर डोकावतात व पराग पाखराच्या कपाळास लागतो. ऊन तापले की फुले मिटतात, म्हणून मौज पाहावयाची ती सकाळीच. बी गळून पुढील वर्षी आपले आपण उगवते. तेव्हा ही वेल घराच्या कुंपणापुरतीच ठेवावी. तुरीच्या रानाकडेस लावाल तर तण होऊन पिकाच्या गळ्याशी येईल.

पण ही वेल पाखरास साधारण भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत जेवू घालते व मग वाळते. पुढे त्याने काय खावे? माघ-फाल्गुनात पळस फुलतो. चैत्राच्या सुमारास नेपतीच्या बिनपानांच्या काटेरी झुडपावर विटकरी फुले येतात. ही झाडे बांधावरची, आणि बांध तर आपण यंत्राने कोरून, तणनाशक मारून उघडे करीत आहो. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हापासून बांध पाणी व माती धरतो हे आपण शिकलो. त्यावरील झुडुपास मात्र अडगळच समजत आलो. दारी वेल चढवून बांधावरील नेपती तोडणारा गृहस्थ पाखरास दिवाळीस बोलावितो व शिमग्यास हाकलून देतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिंजीर आंब्यावर बांडगूळ पसरवितो, असा आक्षेप कोणी घेईल. तो बांडगुळाच्या फुलांतील मध पितो खरा. परंतु फळे खाऊन बी फांदीस चिकटविणारा पक्षी निराळा, तो फुलटोचा. पिकल्या द्राक्षास शिंजीर चोच लावतो, हे मात्र नाकबूल करता येत नाही. त्यास जाळी हाच उपाय. तो पिलांस किडे व कोळी भरवितो, पण तेवढ्यावरून फवारणी वाचेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पावसाळ्यापूर्वी बांध कोरावयास यंत्र बोलवाल, त्या दिवशी स्वतः पुढे उभे राहून पळस व नेपती तेवढी वगळावयास सांगावे. शेजाऱ्यासही आधी विचारावे. बांध दोघांचा असतो.