फोटो टिकवायचा तर

जुना अल्बम उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. दादा-दादींचा काळा-पांढरा फोटो अजून स्वच्छ असतो आणि त्यांच्या मुलांच्या लग्नाचा रंगीत फोटो मात्र लालसर पडलेला असतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे कण असतात, रंगीत फोटोत रासायनिक रंग. उजेड आणि ओल यांपुढे हे रंग लवकर हार मानतात.

संगणकावरून छापलेल्या फोटोंनाही सुरुवातीला हाच रोग होता. गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहॅम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'नॅश एडिशन्स' सुरू केले. 'आयरिस' या छपाईचे नमुने काढण्याच्या यंत्रावर ते जाड कलाकागदावर फोटो छापू लागले. चित्रे देखणी निघत, पण त्या वेळची विरघळणारी शाई लवकर फिकी पडे. पुढे पिगमेंट शाई आली. शरबतातला रंग आणि गेरू यांत जो फरक, तोच या दोन शायांत. शरबताचा रंग पाण्यात विरघळून जातो, गेरूचे कण तसेच राहतात. म्हणून पिगमेंट शाई कितीतरी अधिक टिकते.

घरातल्या एकुलत्या एक जुन्या फोटोसाठी आम्ही वाचकांना एवढेच सुचवतो. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतला तपशील कमी होतो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवरच दुकानात न्या. ८ बाय १० इंची चांगल्या प्रिंटसाठी २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: शाई पिगमेंटची आहे का? कागद कापसाचा, आम्लविरहित आहे का? फ्रेम करताना काच फोटोला चिकटू देऊ नका, आणि ऊन लागणाऱ्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ती टांगू नका. नवी प्रिंट निघाली तरी मूळ फोटो फेकू नका.

एक काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. फोटोतल्या मागच्या रांगेत उभे कोण, हे फक्त दादीला ठाऊक असते. ती हयात आहे तोवर तिच्याजवळ बसा, नावे आणि साल विचारा, आणि प्रिंटच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. नावे गेली, तर उत्तम प्रिंटमध्येही उरतील ते अनोळखी चेहरे.