बाटली लावली की बरं वाटतं... पण कशानं?

एप्रिल संपत आला की उमरेड काय, भिवापूर काय, कुही काय, दवाखान्याच्या बाकड्यावर एक वाक्य हमखास कानी पडतं. "डॉक्टरसाहेब, लय कमजोरी आली जी, एक बाटली लावून द्या." गोळ्या लिहून दिल्या तर चेहरा पडतो. "गोळ्या नको, बाटलीच लावा," असा आग्रह होतो. आणि डॉक्टरांनी फारच समजावून सांगितलं, की बाई गरज नाही, घरी जा, ताक पी, आराम कर, तर बाहेर आल्यावर शेजारणीला सांगितलं जातं, "त्याले काही समजत नाही. त्या दुसऱ्याकडे चल, तो लगेच लावते."

हे झालं आपल्याकडचं. आता तिकडे नागपुरात, पुण्या-मुंबईत हीच बाटली नवी साडी नेसून आली आहे. तिचं नाव 'हायड्रेशन थेरपी', 'व्हिटॅमिन ड्रिप', 'ग्लो ड्रिप'. एसी खोली, मऊ खुर्ची, मंद गाणी, आणि हाताला सुई. लग्नाच्या सीझनमध्ये नवरीसाठी खास पॅकेजसुद्धा असतं म्हणे! मोबाईलवर त्याच्या जाहिराती उमरेडच्या मुलीही बघतात आणि विचारतात, "आई, मी पण करू का?" म्हणूनच या बाटलीत नेमकं असतं काय, हे आपण बायकांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं.

साधी सलाईन म्हणजे मीठ-पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. एक चमचाही पुरता भरत नाही. ग्लुकोजची जी पाच टक्क्यांची बाटली असते, तिच्यात २५ ग्रॅम साखर. म्हणजे पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी शक्ती शंभर कॅलरीच्या आतबाहेर. आपल्या ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असते, बरं का! आणि ती 'पिवळी बाटली', जिला आपल्याकडे 'ताकदीची' म्हणतात, ती पिवळी कशानं? त्यात व्हिटॅमिनचं एक इंजेक्शन मिसळलेलं असतं आणि बी-टू या जीवनसत्त्वाचा रंगच पिवळा. तोच रंग दुसऱ्या दिवशी लघवीत दिसतो. बी आणि सी ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, शरीराला नको तेवढी झाली की मूत्रपिंड ती बाहेर टाकतं. पैसे देऊन घेतलेली ताकद सकाळी मोरीत!

मग बाटलीनंतर बरं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. खरंच वाटतं. पण कारणं वेगळी असतात. एक तर उन्हात दिवसभर मिरची तोडून आलेल्या बाईच्या अंगातलं पाणी-मीठ खरोखरच कमी झालेलं असतं. ते तोंडावाटे दिलं असतं तरी चाललं असतं, शिरेतून गेलं एवढंच. दुसरं, काही ठिकाणी त्या नळीतून आणखी एखादं इंजेक्शन सोडलेलं असतं, अंगदुखी मारणारं, नाहीतर चक्क स्टेरॉईड. तासाभरात अंग हलकं होतं, भूक लागते, आणि श्रेय बाटलीला जातं. असं स्टेरॉईड वरचेवर घेत गेलं तर साखर, रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे मागून येतंच.

तिसरं कारण मात्र कुठल्या डॉक्टरी पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाटली लागली की बाईला दोन तास पडून राहता येतं. घरात कुणी हाक मारत नाही. सासूबाई स्वतः चहा टाकतात, नवरा बाजूला स्टूलवर बसलेला असतो, घरी गेल्यावर जाऊ म्हणते, "राहू दे वहिनी, आज मी करते पोळ्या." गोळी खाऊन आलेल्या बाईला मात्र थेट चुलीसमोर उभं राहावं लागतं, कारण गोळीवाला आजार हा आजारच नव्हे! बाटली हे आपल्याकडे आजारपणाचं सर्टिफिकेट झालं आहे. ज्या घरात बाईला नुसतं "मी थकले" म्हणून चालत नाही, तिथे सलाईनचा खप वाढणारच. हा खर्च औषधाचा नाही, विश्रांतीचा आहे, आणि तिच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त आहे.

आता थोडं मागे जाऊ. शिरेतून मीठ-पाणी देण्याची कल्पना जुनी, १८३२ सालची. स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याची साथ होती आणि थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांना असं पाणी दिलं. तेव्हापासून सलाईनने किती जीव वाचवले याला गणती नाही. पण पुढची गोष्ट आपल्या देशातली आहे, आणि ती प्रत्येक आईला माहीत असायला हवी. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्याचे पिंप भरले, आणि रुग्णांच्या आया-बहिणींना सांगितलं, पेल्यापेल्याने पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण शंभरात ३० च्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं! ना सुई, ना नर्स. बायकांनी आपल्या हातांनी पाजलं. आजची ओआरएसची पुडी जगभर पोचली ती या अनुभवाच्या बळावर. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

तीच पुडी आज आशाताईंकडे फुकट मिळते आणि आपण तिला नाक मुरडतो. पुडीवर किती पाण्यात घोळायची ते वाचून घ्या, कारण लिटरची वेगळी आणि २०० मिलीची वेगळी असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ अंदाजपंचे टाकू नका, लेकराला जास्त मीठ बाधतं. जुलाब झालेल्या लेकराला याच्या जोडीला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायची नाही. आणि दुकानात ओआरएसच्या नावाखाली जे गोड रंगीत डबे मिळत होते, त्यापासून सावध. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं लढा दिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' शब्द छापायला बंदी केली.

याचा अर्थ सलाईन कधीच नको, असा मुळीच घेऊ नका. उलटी थांबत नाही, पोटात घोटभर पाणी टिकत नाही, लेकरू मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, लघवी बंद झालीय, तर ताकाच्या भरवशावर बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. शेतावर किंवा खाणीकडच्या कामावर माणूस उन्हात बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. ज्या घरात तो आहे तिथल्या बायकांना सांगायला नको की पाणी कमी पडलं, ऊन लागलं की कशा कळा येतात. अशा वेळी सलाईन लागू शकते आणि ती दवाखान्यातच लागते. "ही दर महिन्याला बाटली मागते" म्हणून त्या पोरीला हिणवू नका.

दुसरी खरी बाटली म्हणजे लोहाची. दिसायला काळपट तपकिरी. गरोदरपणात रक्त फारच कमी असेल, दिवस भरत आले असतील, गोळ्या सोसत नसतील, तर सरकारी दवाखान्यात ही दिली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. दोघींत एकीपेक्षा जास्त! म्हणजे ती जी 'कमजोरी', ते 'हातपाय गळणं', 'जिना चढताना धाप लागणं' अनेकींच्या बाबतीत पाण्याचं नसतंच, रक्ताचं असतं. तिला पिवळी बाटली लावून परत पाठवलं तर आठ दिवस बरं वाटेल आणि हिमोग्लोबिन तिथल्या तिथेच राहील. थायरॉईड, मधुमेह, पाळीत जास्त रक्त जाणं, बी-ट्वेल्व्हची कमतरता... ही सगळी दुखणी 'विकनेस' याच एका शब्दात लपून बसतात. रक्ताची साधी तपासणी बाटलीपेक्षा स्वस्तच पडते.

आता शहरातल्या ड्रिपकडे येऊ. या फॅशनचं मूळ अमेरिकेत. बाल्टिमोरचे जॉन मायर्स नावाचे डॉक्टर रुग्णांना जीवनसत्त्वांचं मिश्रण शिरेतून देत. १९८४ मध्ये ते वारले आणि ते नेमकं किती मिसळत, हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. मागून दुसऱ्या डॉक्टरांनी अदमासाने ते मिश्रण बांधलं आणि नाव मात्र मायर्सचंच राहिलं. सगळं अंग दुखण्याच्या आजारावर २००९ मध्ये त्याची एक छोटी चाचणी झाली. ३४ रुग्ण, आठ आठवडे. काहींना खरं मिश्रण, काहींना नुसती रिंगर लॅक्टेटची सलाईन. दोन्ही गटांना बरं वाटलं! फरक म्हणावा असा दिसला नाही. आपल्या बाकड्यावरच्या काकू आणि अमेरिकेतल्या मॅडम, शेवटी दोघी सारख्याच.

गोरं करणारी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं मात्र गमतीची गोष्ट नाही. फिलिपिन्समध्ये त्यांचं पेव फुटलं होतं आणि तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच जाहीर इशारा दिला. त्वचेवर गंभीर परिणाम होऊ शकतात, थायरॉईड आणि मूत्रपिंडाला धोका होऊ शकतो. त्याच्या जोडीला 'सी' जीवनसत्त्वाचा मोठा डोस देतात. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांना तो घातक, आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असेल तर रक्तपेशी फुटू शकतात. ही कमतरता आहे हे बहुतेकींना माहीतच नसतं. सावळ्या मुलीच्या लग्नाची काळजी समजू शकते, पण हळदीच्या आधी तिच्या शिरेत असलं काही सोडणं मला तरी पटत नाही.

साध्या सलाईनचेही धोके आहेत. सुईची जागा सुजते, शीर कडक होते, जंतू थेट रक्तात जातात. हृदयाच्या, किडनीच्या रुग्णाला भराभर बाटली दिली तर फुफ्फुसात पाणी साठतं. मधुमेहाच्या आजीला ग्लुकोजची बाटली म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि कधी बाटलीच खराब निघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात बळ्ळारीला सिझेरियन झालेल्या बाळंतिणी दगावल्या, संशय रिंगर लॅक्टेट या सलाईनवर आला आणि सरकारला त्या कंपनीचा माल थांबवावा लागला. त्या बायकांना तर गरज म्हणून लावली होती. आपण हौसेने का लावून घ्यायची?

तरीही कुणी लावायला निघालंच तर लाजू नका, विचारा. ही कशासाठी? तोंडावाटे घेतलं तर चालणार नाही का? बाटलीत आणखी काय टाकताय, चिठ्ठीवर लिहून द्या. सुई आणि नळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. बाटलीवरची तारीख बघा, पाणी गढूळ दिसलं किंवा आत काही तरंगताना दिसलं तर नको म्हणा. भिंतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. घरी येऊन खुंटीला बाटली टांगून जाणारा 'डॉक्टर' असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. बाटली चालू असताना थंडी वाजली, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या तर संपायची वाट बघू नका, लगेच बंद करायला सांगा. आणि घरातल्या माणसांनो, हे पान तुम्हीही वाचत असाल तर, ती परत आल्यावर हाताला पट्टी नसली तरी संध्याकाळच्या पोळ्या तुम्हीच टाका.