वर्गप्रमुख की हवालदार?

राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनंतर १९८९ पासून अठरा वर्षांच्या नागरिकास मताधिकार मिळाला. परंतु देशाचे सरकार निवडण्यास पात्र ठरणाऱ्या या तरुणाला शाळेत वर्गप्रमुख निवडण्याची संधी तरी कितीदा मिळालेली असते? बहुधा शिक्षक नेमतील तो वर्गप्रमुख, आणि बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे कार्य. याला नेतृत्व म्हणत नाहीत. ही हवालदारी झाली.

महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधीपद परीक्षेतील गुणांशी जखडले. महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्या पाहता त्यामागील चिंता अनाठायी नव्हती. तथापि गुणवत्ता व नेतृत्व या भिन्न गोष्टी आहेत. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. पण सवयीविना मिळालेली निवडणूक जुन्याच वाटेने जाण्याचा धोका उरतोच.

ही सवय वर्गातच लागावयास हवी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्यातील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि रोजची कामे स्वतः करीत. जबाबदारीचे शिक्षण त्यातूनच मिळे. आजही वर्गप्रमुखपद दरमहा बदलता येईल, सहलीचा जमाखर्च विद्यार्थ्यांनीच ठेवून वर्गापुढे वाचता येईल, अबोल मुलाकडे चर्चेचे अध्यक्षपद देता येईल. अभ्यासक्रम संपत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. परंतु यासाठी स्वतंत्र तासिका लागत नाही. लागतो तो केवळ विद्यार्थ्यांवरील विश्वास, आणि त्यांना चुकू देण्याची तयारी.