दोन बोटांवर बोट

आमची अक्का लग्न होऊन बेळगावहून सुरतेला गेली, त्याला आता पंचवीस वर्षे होतील. पर्वत पाटियाला तिचे घर. घरात मराठी, शेजारी गुजराती. पण रागावली की अजून कन्नडच! गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो, तर दारातच ऐकू आले, "साकु माडो निन्न दोणी!"

दोणी म्हणजे भाच्याची रिमोटवर चालणारी बोट. लांबी साठ सेंटिमीटर. वेग घेतला की नाक बेडकासारखे उड्या मारायचे आणि वळताना बोट उलटायची. आदल्या दिवशी ती तळ्याच्या मध्येच उलटली आणि चिरंजीव कमरेइतक्या पाण्यात उतरले. अक्का चिडणार नाही तर काय?

"मामा, मोटर मोठी घालायला पाहिजे," भाचा म्हणाला. मी म्हटले, आधी तोल बघू. कॉलेजात एन.सी.सी.च्या नेव्हल विंगमध्ये जहाजांची मॉडेले केली होती, ती विद्या कामी आली.

बॅटरी आणि झाकणासकट बोट दोन बोटांवर तोलली. जिथे ती आडवी स्थिर राहते, तिथे तिचा गुरुत्वमध्य. इंग्रजी व्ही आकाराच्या तळाच्या वेगवान बोटीत तो मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर असावा. म्हणजे इथे अठरा सेंटिमीटरवर. भाच्याचा निघाला चौदावर! नाक उड्या मारते तर वजन पुढे सरकवायचे; नाक पाण्यात घुसते तर मागे. सरकवायचे ते बॅटरीला, कारण हातासरशी हलणारी जड वस्तू तीच. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, मग पुन्हा चाचणी.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. एकच पंखा असला की तो फिरतो त्याच्या उलट बाजूला बोटीचे अंग कलते. म्हणून बॅटरी कलत्या बाजूच्या विरुद्ध किंचित सरकवायची आणि वेल्क्रोच्या पट्टीने घट्ट बसवायची. वजन शक्य तितके तळाशी. १६२८ साली स्वीडनचे 'वासा' हे युद्धनौकांतले मोठे जहाज पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाले. वरचा भार जास्त आणि तळाशी वजन अपुरे, त्यामुळे वाऱ्याच्या झोताने ते कलंडले. मोठमोठ्यांचे असे होते, तिथे आपली दोणी कसली!

संध्याकाळी बोट त्याच मोटरवर सरळ धावली, वळणावरही उलटली नाही. एक पैसा खर्च न होता.

तरीही एक नियम घालून आलो. बोट कितीही तोललेली असो, कधीतरी अडकणारच. तेव्हा पाण्यात उतरायचे नाही. लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून ठेवायचा, तो पलीकडे फेकून बोट ओढून घ्यायची. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर पाय टिकतच नाही; आपल्या भागातल्या पालकांनी हे विसरू नये.

निघताना अक्काने डब्यात धपाटे बांधून दिले. बोलली मराठीतच. म्हणजे राग गेला होता!