पंप बेताचा, झोप गाढ
शेजारच्या काकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिश मजेत आहेत. ओव्हरफ्लोच्या गुडगुडीने झोप उडालीय ती काकूंची. पंप जितका दांडगा तितकं पाणी निर्मळ, हा काकांचा हट्ट. अहो, पंप खालच्या टाकीतून जेवढं पाणी वर चढवतो तेवढंच वरच्या टाकीच्या कठड्यावरून, म्हणजे ओव्हरफ्लोतून, खाली उतरतं! २०० लिटरच्या टाकीला तासाला १००० लिटर पुष्कळ झालं. निचऱ्याचा पाइप मात्र ऐसपैस हवा, जोडीला एक राखीव, विनाव्हॉल्व्हचा. मुख्य पाइपाचा गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्या. पाइप पाण्याने भरला, हवा हटली, की गुडगुड थांबते. आणि खालच्या टाकीत जागा रिकामी ठेवाच. वीज गेली की कठड्यावरचं पाणी तिथेच उतरतं. जागा नसेल तर खालच्या मजल्यावरचे भेटायला येतात, आणि ते चहाला येत नाहीत.