माणकांतील काच

जन्ममासाच्या रत्नांची प्रचलित यादी कोणा ऋषीने सांगितली नसून, अमेरिकेतील जवाहिऱ्यांनी १९१२ साली ठरविली. तेव्हा तिच्या फलाविषयी आम्ही काय बोलावे! आमची तक्रार निराळी आहे. माणिक तापवून रंग खुलवितात, पाचूच्या चिरांत तेल मुरवितात. हे प्रघात जुने असून, सांगून केल्यास त्यांत दोष नाही. परंतु २००४ च्या सुमारास बाजारात आलेल्या एका जातीच्या माणकांच्या भेगांत शिशाची काच भरलेली असते. लिंबाच्या रसानेही ती काच खराब होते. सोनाराच्या फुंकणीच्या ज्वाळेपुढे तिचा काय पाड! जुलैत जन्मलेल्या मुलीसाठी बाप हा खडा अस्सल माणकाच्या भावाने घेतो. खड्यावर कोणता संस्कार झाला, हे पावतीवर लिहिण्यास सचोटीच्या व्यापाऱ्याने का कचरावे?